सशासाठी सोडलेली जागा

प्रश्न: आमचा हौशी नाट्यगट आहे. या वर्षीच्या एकांकिकेत एक पात्र प्रेक्षकांना दिसत नाही, फक्त नायकाला दिसतं. तालमीत सगळं खोटं वाटतंय, नट हवेशी बोलतोय हे सरळ कळतं. कुणीतरी 'हार्वे' पाहा म्हणालं म्हणून १९५०चा तो हॉलिवुडपट पाहिला. खूप आवडला. पण सिनेमात ससा सहज दाखवता आला असता, तो का दाखवला नाही? मूळ नाटकातलं आणि सिनेमातलं आम्हाला काय उचलता येईल? आणि रिकाम्या खुर्चीवर स्पॉट टाकावा का?

उत्तर:

स्पॉटचं शेवटी सांगतो. आधी एक करा. उद्याच्या तालमीत नायकाकडे अजिबात बघू नका, त्याच्या भोवतीच्या नटांकडे बघा. गेली तीसेक वर्षं मी नाटकं बसवतोय, नटांच्या कार्यशाळा घेतोय. न दिसणारं पात्र असलेली संहिता आली की सगळी मेहनत त्या एकट्या बोलणाऱ्या नटावर होते. तो हातवारे वाढवतो, हवेत नजर रोखतो, मधेच थांबून 'ऐकल्यासारखं' करतो. आणि जितकं जास्त करतो, तितकं ते पात्र विरत जातं. कारण न दिसणारं पात्र त्याच्याशी बोलणाऱ्यामुळे उभं राहत नाही. त्याला वाट देणाऱ्यांमुळे उभं राहतं.

'हार्वे' ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. एल्वूड डाउड हा खाऊन-पिऊन सुखी, अविवाहित, मध्यमवयीन गृहस्थ. आईने मागे ठेवलेल्या मोठ्या घरात बहीण व्हीटा आणि भाची मर्टल मे यांच्यासोबत राहतो. त्याचा जिवलग मित्र म्हणजे हार्वे, माणसाहून उंच पांढरा ससा. तो फक्त एल्वूडला दिसतो. एल्वूड त्याला गावभर घेऊन हिंडतो, भेटेल त्याच्याशी त्याची ओळख करून देतो. मुलीचं लग्न कसं जमायचं या काळजीने व्हीटा भावाला मनोरुग्णालयात घालायला निघते. तिथे डॉक्टरला सगळं समजावताना तिच्या तोंडून निघून जातं की कधीकधी तो ससा तिलाही दिसतो. झालं, डॉक्टर एल्वूडला सोडतो आणि तिलाच आत घेतो. पुढचा सारा गोंधळ तिथून सुरू होतो.

हार्वे म्हणजे पूका. आयरिश लोककथांमधला, जनावराच्या रूपात वावरणारा आत्मा. आपल्याकडे चकवा वाट चुकवतो, मुंजा पिंपळावरून घाबरवतो. पूकाही खोडकर असतो, पण हा पूका कुणाचं वाईट करत नाही. नाटककार मेरी चेस अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात वाढल्या. आई आणि मामांकडून त्यांनी या आयरिश गोष्टी लहानपणी ऐकल्या होत्या. पुढे त्या तिथल्या वर्तमानपत्रात बातमीदार होत्या. दुसऱ्या महायुद्धात मुलगा गमावलेली एक बाई त्यांना रोज कामावर जाताना दिसायची. हिला हसू येईल असं काहीतरी लिहावं, या इच्छेतून हे नाटक सुचलं. घरात त्यांनी एक छोटासा खेळण्यातला रंगमंच मांडला होता आणि दोऱ्याची रिळं सरकवून त्या पात्रांच्या हालचाली ठरवायच्या. रिळांचं लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

१ नोव्हेंबर १९४४ला नाटक ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवर, आलं आणि १९४९च्या जानेवारीपर्यंत त्याचे १,७७५ प्रयोग झाले. १९४५चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. दिग्दर्शन अँटोनेट पेरी यांचं होतं. ब्रॉडवेच्या नाटकांचे टोनी पुरस्कार त्यांच्याच नावाने दिले जातात. एल्वूडचं काम फ्रँक फे करायचा. नाटकाचे चित्रपटहक्क दहा लाख डॉलरला गेले. त्या काळात ही रक्कम ऐकून लोक थक्क झाले होते.

आता तुमचा पहिला प्रश्न. सशाला दाखवून पाहिलं होतं. सिनेमात नव्हे, नाटकात. न्यूयॉर्कला येण्याआधी बॉस्टनला प्रयोग चालू असताना सशाचा पोशाख घातलेला नट एकदा रंगमंचावर आणला आणि लगेच काढून टाकला. मला यात नवल वाटत नाही. पोशाख कितीही चांगला शिवा, प्रेक्षकाच्या मनात तोपर्यंत तयार झालेला ससा त्याहून चांगलाच असतो. शिवाय ससा एकदा दिसला की एल्वूडला वेडा म्हणणारे सगळे खोटे ठरतात आणि नाटकाचा जीव जातो. व्हीटाचा गोंधळ, डॉक्टरची घमेंड, हे सगळं 'आहे की नाही' या एका धाग्यावर लटकलंय.

सिनेमा दिग्दर्शित केला हेन्री कॉस्टरने. पटकथेत मेरी चेस स्वतः होत्या, सोबत ऑस्कर ब्रॉडनी. छायाचित्रण विल्यम डॅनियल्सचं. या मंडळींकडे पैसा होता, युक्त्या होत्या, पारदर्शक भुतं दाखवण्याचं तंत्र तर हॉलिवुडला केव्हापासून येत होतं. तरी त्यांनी ससा दाखवला नाही. त्यांनी केलं काय, तर सशासाठी चौकटीत जागा सोडली.

सिनेमा पुन्हा लावा आणि या वेळी फक्त एल्वूडचं काम करणाऱ्या जेम्स स्टुअर्टच्या शेजारी बघा. तो एकटा चालत असतो तरी चौकटीच्या मधोमध नसतो. एका बाजूला माणूसभर, किंबहुना ससाभर, जागा मोकळी असते. बाकावर बसला तर बाकाचं दुसरं टोक आपल्याला दिसत राहतं. दारूच्या गुत्त्यात, म्हणजे चार्लीकडे, शेजारची बैठक कुणी ओढून नेत नाही. सिनेमाच्या अगदी सुरुवातीला तो घरातून निघतो आणि फाटकापाशी थांबून आधी दुसऱ्या कुणाला तरी पुढे जाऊ देतो, मग स्वतः जातो. आपल्याला अजून सशाबद्दल अवाक्षर माहीत नसतं. पण कुणीतरी पुढे गेलं, हे डोळ्यांनी मान्य केलेलं असतं.

दुसरी गोष्ट उंचीची. नाटकात हार्वे सहा फूट दीड इंच आहे. स्टुअर्ट सहा फूट तीन इंच होता, म्हणजे मूळ ससा त्याच्याहून ठेंगणा ठरला असता. म्हणून सिनेमात हार्वे सहा फूट साडेतीन इंच झाला. बदल एवढासाच दिसतो, पण मी कार्यशाळेत यावर अर्धा तास घालवतो. मित्र आपल्याहून किंचित उंच असला की नजर किंचित वर जाते, हनुवटी जराशी उचलली जाते, आणि चेहऱ्यावर आपोआप आदर येतो. स्टुअर्ट संपूर्ण सिनेमाभर तो कोन सोडत नाही. बसलेल्या हार्वेशी बोलताना वेगळा, उभ्या हार्वेशी बोलताना वेगळा, पण दर वेळी तोच ससा. तुमच्या नटाला विचारा, 'ते पात्र किती उंच आहे?' त्याने जरा विचार करून उत्तर दिलं, तर त्याला ते अजून दिसलेलं नाही असं समजा.

पण हे सगळं तंत्र झालं. या नाटकाचं खरं मोठेपण माझ्या मते आणखी एका गोष्टीत आहे आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. एल्वूड जसा सशाशी वागतो तसाच तो सगळ्यांशी वागतो. चुकीचा नंबर लावलेल्या माणसाशी फोनवर गप्पा मारतो. भेटेल त्याला आपलं कार्ड देतो आणि बजावतो, फोन करायचा तर या नंबरवर करा, तो दुसरा जुना झालाय. टॅक्सीवाला, रुग्णालयाच्या फाटकावरचा माणूस, तुरुंगातून सुटून आलेला इसम, सगळ्यांची नावं विचारतो, घरी जेवायला बोलावतो. समोरच्याला तो इतकी पुरती जागा देतो की हाच माणूस शेजारच्या रिकाम्या जागेलाही तेवढीच जागा देतो, तेव्हा आपण तिथे कुणीतरी आहे असं धरून चालतो. म्हणजे जी नाटकाची युक्ती, तोच नाटकाचा आशय. एल्वूडची आई त्याला सांगायची की या जगात एकतर खूप हुशार व्हावं लागतं नाहीतर खूप गोड. त्यावर तो म्हणतो, बरीच वर्षं मी हुशार होतो, माझी शिफारस गोडपणाची आहे. हे वाक्य स्टुअर्ट जराही जोर न देता म्हणतो. आपल्याकडच्या स्पर्धेत याच वाक्यावर पॉज घेऊन टाळी मागितली गेली असती.

एल्वूड वेड पांघरून पेडगावला जाणारा नाही. त्याला काहीच लपवायचं नाही. नटाने हे आधी मनात पक्कं करावं लागतं. 'मी विक्षिप्त दिसतोय का?' ही शंका नटाच्या डोळ्यांत क्षणभर चमकली तरी ससा गेला.

आता भोवतीचे नट. व्हीटाचं काम केलेल्या जोसेफीन हल ब्रॉडवेवरही हेच काम करत होत्या आणि सिनेमासाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. स्टुअर्टला नामांकन मिळालं, पुरस्कार नाही. माझ्या लेखी हा सिनेमा जितका स्टुअर्टचा तितकाच हल यांचा आहे. व्हीटाला ससा नको आहे. ती त्याच्याकडे बघायचं टाळते. पण टाळायला आधी तो कुठे आहे हे माहीत असावं लागतं! घरात बायकांचा कार्यक्रम चालू असताना एल्वूड येऊन एका पाहुणीशी हार्वेची ओळख करून देतो तो प्रवेश बघा. ती बाई आधी एल्वूडकडे बघते, मग हळूच त्याच्या शेजारी, मग पुन्हा एल्वूडकडे, आणि मागे सरते. तिला काहीही दिसलेलं नाही. पण ती मागे सरली म्हणजे पुढे काहीतरी आहे, हा हिशेब प्रेक्षक स्वतः करतो. विश्वास न ठेवणाऱ्या पात्रांनी सशाला अशी जागा दिली की काम फत्ते.

याचा अनुभव मी स्वतः एका प्रयोगात घेतला, तो सांगतो. माझ्या एका नाटकात गेलेली आजी आरामखुर्चीत बसलेली असायची. फक्त नातीला दिसायची. नातीचं काम करणारी मुलगी चांगली होती, पण मी बाकी चौघांनाही खुर्चीला वळसा घालून जायची सवय लावली होती. कारण काहीही द्या, पण वळसा घाला. एकाने टीपॉयवरचा पेपर उचलायच्या निमित्ताने, एकीने पडदा सारायच्या निमित्ताने. पाचव्या-सहाव्या प्रयोगाला मुलाचं काम करणारा नट घाईत आला आणि खांद्यावरची पिशवी थेट त्या खुर्चीत टाकली. तिसऱ्या रांगेतून एका बाईंचा आवाज आला, 'अरे, आजी बसलीय!' सगळ्या नाट्यगृहात कुजबुज झाली. त्या नटाने पिशवी उचलली, खुर्चीचा हात हलकेच पुसला आणि पिशवी जमिनीवर ठेवली. पुढचे सगळे प्रयोग आम्ही ते तसंच ठेवलं. आजी खुर्चीत आहे हे त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा नक्की कळलं.

नाटकाचा सिनेमा करताना त्यांनी काय बदललं, हेही विचारलं आहे तुम्ही. नाटक दोनच ठिकाणी घडतं: डाउडांच्या घरातली अभ्यासिका आणि डॉक्टर चम्ली यांच्या मनोरुग्णालयातली बाहेरची खोली. चार्लीचा गुत्ता नाटकात फक्त बोलण्यात येतो. सिनेमा आपल्याला तिथे नेतो, रस्त्यावर नेतो. नाटक 'मोकळं' करायच्या नादात बऱ्याच सिनेमांत नुसती धावपळ वाढते. इथे मात्र एक बदल फार मोलाचा झालाय. हार्वेची पहिली भेट कशी झाली ते एल्वूड सांगतो, ते मोठं भाषण नाटकात रुग्णालयाच्या खोलीत आहे. सिनेमात ते गुत्त्याच्या मागच्या गल्लीत, रात्री, तरुण डॉक्टर आणि नर्स यांच्यासमोर होतं. एल्वूड सांगतो की एका मित्राला टॅक्सीत बसवून मी चालत निघालो होतो, तेवढ्यात कुणीतरी नाव घेऊन 'गुड ईव्हनिंग' म्हणालं, वळून बघतो तर दिव्याच्या खांबाला टेकून भलामोठा पांढरा ससा उभा. मला त्यात विशेष वाटलं नाही, तो म्हणतो, एका गावात इतकी वर्षं काढली की सगळेच आपल्याला नावाने ओळखतात. इथे कॅमेरा त्याला बोलू देतो. खांब दाखवायला पळत नाही, ससा दाखवायला पळत नाही, ऐकणाऱ्यांचे चेहरे पुन:पुन्हा आणत नाही. पडद्यावर फक्त एक माणूस आठवण सांगतोय, आणि गल्लीतल्या अंधारात तो खांब आपणच उभा करतो. नाटकातून आलेल्या दिग्दर्शकांना मी हा प्रवेश मुद्दाम दाखवतो. सिनेमात गेलो म्हणून दाखवलंच पाहिजे असं नाही.

आणि एक जागा अशी की जिथे हार्वे खरंच 'दिसतो'. एल्वूड स्वतःचं आणि हार्वेचं तैलचित्र करून आणतो आणि दिवाणखान्यात आईच्या चित्राच्या जागी उभं करतो. व्हीटाला हे ठाऊक नाही. त्या चित्राकडे पाठ करून ती डॉक्टरला समजावते की फोटो नुसतं जे आहे ते दाखवतो, पण चित्रात त्यामागचं स्वप्नही असतं. मग वळते आणि बघते. हशा प्रचंड येतो, पण वाक्य खरं आहे, व्हीटाने ते मनापासूनच म्हटलेलं असतं. तुमच्या एकांकिकेत त्या पात्राची अशी एखादी वस्तू आहे का? चष्मा, काठी, घडी घातलेली शाल? 'हार्वे'त कानांसाठी दोन भोकं पाडलेली हॅट आहे. ती नुसती हातात धरली की ससा किती मोठा असेल ते कळतं. वस्तू एकच ठेवा आणि ती एखाददुसऱ्या वेळीच वापरा.

सगळंच जमलंय असं नाही. तरुण डॉक्टर आणि नर्सचं प्रेमप्रकरण फिकं आहे, मर्टल मे आणि रुग्णालयातला मदतनीस विल्सन यांचं तर नुसतं उरकलंय. त्या वेळात मी एल्वूडची वाट बघत बसतो. शेवट मात्र मला सिनेमातला जास्त आवडतो. मोठे डॉक्टर चम्ली, म्हणजे सेसिल केलवे, हार्वेच्या मोहात पडतात. हार्वे घड्याळ थांबवू शकतो, हवं तिथे हवा तितका वेळ राहून परत या, एक मिनिटही गेलेलं नसतं. इतक्या मोठ्या डॉक्टरला या वरदानातून काय हवं असतं, तर अ‍ॅक्रन शहराजवळच्या झाडीत दोन आठवडे, थंड बीअर, आणि 'बिचारा रे बिचारा' म्हणणारी एक बाई. केलवे हे इतक्या लाजत सांगतात की तो माणूस किती थकलाय ते दिसतं. एल्वूड हार्वेला त्यांच्याकडे राहू देतो आणि एकटा निघतो. सिनेमाभर ज्याने सशाला जागा दिली, त्याच्या शेजारची जागा पहिल्यांदाच खरोखर रिकामी होते. स्टुअर्टची चाल बघा तिथे. मग फाटकापाशी हार्वे परत येतो. एल्वूड म्हणतो, 'मलाही तूच जास्त आवडतोस.' हार्वेचं वाक्य आपल्याला ऐकू येत नाही, पण तो काय म्हणाला ते कळतं.

स्टुअर्टला स्वतःला हे काम तेव्हा पुरतं साधलं असं वाटत नव्हतं, आपण जरा जास्तच स्वप्नाळू झालो असं तो म्हणायचा. सिनेमाआधी, १९४७च्या उन्हाळ्यात फ्रँक फे सुटीवर गेला तेव्हा स्टुअर्टने ब्रॉडवेवर ही भूमिका केली होती. सिनेमाच्या वेळी तो बेचाळिशीत होता. १९७०मध्ये, एकसष्टाव्या वर्षी, तो पुन्हा ब्रॉडवेवर एल्वूड म्हणून उभा राहिला, सोबत व्हीटा म्हणून हेलन हेज. एकाच न दिसणाऱ्या मित्राकडे तेवीस वर्षांनी परत जाणाऱ्या नटाबद्दल मला फार आदर आहे.

आता तुमची तालीम. मेरी चेस यांच्यासारखी रिळं घ्या, आणि न दिसणाऱ्या पात्रालाही एक रीळ द्या. कागदावर ते प्रत्येक प्रवेशात कुठून येतं, कुठे बसतं, कधी उठतं हे ठरवा. त्याची वाक्यं संहितेत नसतील तर लिहून काढा, सगळी. मग पहिले आठ-दहा दिवस त्या भूमिकेत खरा माणूस उभा करा, सहायकांपैकी कुणीही चालेल. त्याने वाक्यं मोठ्याने म्हणायची, सगळ्यांनी त्याला बघायचं, त्याच्या पायात यायचं नाही. नंतर त्याने वाक्यं फक्त ओठांत म्हणायची. मग एक दिवस त्याला उठवून प्रेक्षागृहात बसवा. नटांच्या अंगात त्याची जागा, त्याचा वेळ, त्याची उंची बसलेली असेल. उंचीसाठी दाराच्या चौकटीला एक धागा बांधून ठेवा, प्रयोगाच्या दिवशीही राहू द्या, प्रेक्षकाला दिसत नाही.

दारांचाही विचार करा. 'हार्वे'त कुणी न उघडता दार उघडतं आणि बंद होतं, तेव्हा अंगावर काटा येतो. ते परिणामकारक होतं कारण तोपर्यंत आपण सशाला मान्य केलेलं असतं. तुम्ही ही युक्ती पहिल्या पाच मिनिटांत वापरलीत तर प्रेक्षक विंगेतला दोरा शोधत बसेल. शेवटाकडे, एकदाच.

आणि स्पॉट. टाकू नका. रिकाम्या खुर्चीवर वेगळा प्रकाश टाकला की प्रेक्षकाला कळतं की दिग्दर्शक त्याला 'इथे कुणीतरी आहे' म्हणून सांगतोय, आणि मग तो खुर्चीकडे बघतो, खुर्चीतल्या माणसाकडे नाही. जो प्रकाश नायकावर तोच तिच्यावर पडू द्या, एकाच लाइटमध्ये दोघं. तुमच्या प्रकाशयोजनाकाराला सांगा की तिथे एक नट बसलाय असं समजून लाव, आणि फोकस लावताना त्या खुर्चीत कुणालातरी खरोखर बसव.